सहलीहून परतताना
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आपल्या न्यासाची सहल यंदा डिचोलीहून थेट केप्याला निघाली, तेव्हा “देवदर्शन सोडून वाड्याची बाग कसली पाहायची?” असे वडीलधाऱ्यांनी विचारलेच. कुशावतीच्या तीरावरील हा वाडा चर्चचे डीन जुझे पावलो यांनी १७८७ साली बांधला. पुढे तो मोडकळीस आला; एका दांपत्याने वर्षानुवर्षे खपून वाडा आणि बाग पुन्हा उभी केली.

परतताना बसमध्ये कोणी गाणे म्हणेना. ज्याला त्याला आपापले कुळागर आठवत असावे. माझेही भावांच्या वाटणीपायी पडून आहे, पाट बुजले आहेत. उद्याच थोरल्या भावाकडे जातो. पुढची सहल आमच्या कुळागरात. येताना कुदळी तेवढ्या आणा!