स्वमग्न मुलांसाठी पदयात्रा

(सावदा, जिल्हा जळगाव येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



स्वमग्न मुलांविषयी जनतेत जाणीव निर्माण व्हावी आणि त्यांच्या कुटुंबांच्या साहाय्यासाठी काही निधी उभा राहावा, या हेतूने एप्रिल महिन्यात सावद्यात पदयात्रा काढण्याचा विचार आपण केला आहे. हा विचार स्तुत्य आहे. मात्र केवळ स्तुती करून मी खाली बसलो, तर त्याचा आपल्याला काही उपयोग होणार नाही. म्हणून ही पदयात्रा कोणासाठी, ती कशी निघावी आणि जमलेल्या पैशाचे काय व्हावे, याविषयी मी थोडे स्पष्टपणे बोलणार आहे.

पायी चालण्याचे महत्त्व या भागाला नव्याने सांगण्याची गरज नाही. संत मुक्ताबाईंची पालखी ज्या मुक्ताईनगरहून पंढरीला निघते, ते गाव आपल्या शेजारच्याच तालुक्यात आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेव्हाही या रस्त्यांनी माणसांची रीघ पाहिली. निधी जमविण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पैसा फंडाची कल्पना गावोगावी नेली आणि सामान्य माणसाच्या एकेका पैशातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. अलीकडच्या काळात, २००४ पासून मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये अनेक सेवाभावी संस्था आपापल्या कार्यासाठी देणग्या मिळवीत आल्या आहेत. तेव्हा चालणे आणि दान यांची सांगड काही परकी नाही. प्रश्न आहे तो ज्यांच्यासाठी चालायचे, त्या मुलांना आपण ओळखतो का, हा.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने अकरा मुलांच्या निरीक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. ही मुले माणसांकडे पाहत नसत, ठरावीक क्रमात जरासा बदल झाला तरी अस्वस्थ होत, ऐकलेले शब्द जसेच्या तसे पुन्हा उच्चारीत. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी अशाच काही मुलांचे वर्णन केले. दुर्दैवाने त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे, आईची माया कमी पडल्याने मूल असे होते, हा विचार तज्ज्ञांमध्येही प्रबळ राहिला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, या मताचे साधार खंडन केले. आज हे निश्चित झाले आहे की, स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. तिच्या मुळाशी मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक कारणे असतात आणि आईच्या वागण्याशी तिचा काही संबंध नाही. शास्त्राने हे मत टाकून दिले. आपल्या ओट्यांवरून मात्र ते अजून गेलेले नाही. मूल बोलत नाही म्हटले की पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो, मग नजर, बाहेरची बाधा, आणि त्यानंतर एका देवस्थानाहून दुसऱ्या देवस्थानाकडे. या फेऱ्यांत जी दोन-तीन वर्षे निघून जातात, तीच मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असतात.

आणखी एका भ्रमाचा उल्लेख येथे जमलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी करतो. गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येते, असे सुचविणारा एक लेख १९९८ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. तो २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध नाही. लस टाळल्याने गोवर मात्र येतो.

'स्वमग्न' हा शब्द आता रूढ झाला आहे आणि मीही तोच वापरतो. पण त्यातून थोडी दिशाभूल होते हे सांगितले पाहिजे. जणू हे मूल आपल्याच सुखात रमले आहे, त्याला कोणी नको आहे, असा अर्थ त्यातून निघतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. त्याला माणसे हवी असतात, पण माणसांपर्यंत पोहोचण्याची वाट त्याला सापडत नाही. आपण ज्या आवाजाकडे लक्षही देत नाही, तो आवाज त्याच्या कानांत घण घातल्यासारखा वाजतो. सदऱ्याची शिवण टोचते, ट्यूबलाइटचा उजेड सोसवत नाही. आणि अशी सर्व मुले एकसारखी नसतात. काही जन्मभर बोलत नाहीत. काही पाठ्यपुस्तकासारखे बोलतात, पण थट्टा समजत नाही. काहींना बौद्धिक अपंगत्वही असते, पुष्कळांना नसते. टेंपल ग्रँडिन ही बालिका चार वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. पुढे ती अमेरिकेत पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली आणि गुरे कशाला बिचकतात हे ओळखून त्यांच्यासाठी अधिक शांत गोठे व वाटा तिने आखल्या. प्रत्येक मूल असे होईल, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु बोलत नाही म्हणजे समजत नाही, हे अनुमान किती घाईचे आहे, ते या उदाहरणावरून ध्यानात येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. या हिशेबाने बऱ्यापैकी मोठ्या गावात अशी दहा-वीस माणसे तरी असली पाहिजेत. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती घरात आहेत.

केळीच्या पानावर करप्याचा पहिला ठिपका पडला, तर सावद्याचा शेतकरी सकाळच्या फेरीतच तो ओळखतो. मुलाच्या बाबतीत अशी नजर अंगणवाडी सेविकेची असावयास हवी. वर्षाचे मूल आपल्या नावाला प्रतिसाद देत नाही, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवीत नाही, किंवा आलेले शब्द मध्येच हरवून बसते, तर 'मुलगे उशिराच बोलतात' असे म्हणून आईला परत पाठवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून झाला. त्याखाली अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. त्यापुढची पायरी म्हणून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. तपासणीच्या दिवशी वजन-उंची नोंदली की काम संपले, असे होऊ न देणे हे सेविकेच्या आणि शिक्षकाच्या हाती आहे.

कायद्याने या मुलांना उशिरा का होईना, ओळखले आहे. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये तिचा समावेश केला. लक्षणीय प्रमाणात, म्हणजे ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क त्यात आहे. 'आमच्याकडे सोय नाही' या एका वाक्यावर मुलाला दारातून परत पाठविणारे मुख्याध्यापक कायद्याच्या विरुद्ध वागत असतात, हे मी नम्रपणे, पण निःसंदिग्धपणे सांगतो. शिक्षकाची अडचण मला समजते. साठ मुलांच्या वर्गात एक मूल सारखे उठते, कान झाकून ओरडते, हे सोपे नव्हे. पण दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, त्याला घंटेपासून दूरची जागा देणे, सूचना थोड्या शब्दांत करणे, याला अनुदान लागत नाही.

आता कुटुंबाकडे वळतो, कारण पदयात्रेचा खरा विषय ते आहे. निदानासाठी आणि उपचारपद्धतींसाठी जळगाव, नाशिक, पुणे, मुंबई अशी धावपळ सुरू होते. वाणीउपचार एकदा घेऊन भागत नाही. आठवड्यामागून आठवडे जावे लागते. मजुरी करणाऱ्या बापाचा प्रत्येक खेपेला एक दिवस बुडतो आणि आई तर बहुधा काम सोडूनच देते. घराला आतून कडी घालावी लागते, कारण ही मुले नजर चुकवून निघून जातात आणि त्यांतील अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. आपल्याकडे उघड्या विहिरी आहेत, शेततळी आहेत, आणि केळीचा बाग असा दाट की चार हातांवर उभे असलेले मूलही दिसू नये. हाक मारली तर ते ओ देत नाही. अशा मुलाचे नाव, छायाचित्र आणि त्याला कशाने शांत वाटते याची माहिती, पालकांच्या संमतीने, पोलीस पाटलाकडे व शेजाऱ्यांकडे असावी आणि वस्तीजवळच्या विहिरीला कठडा असावा. पदयात्रेतून एवढे जरी निघाले तरी एखादा जीव वाचेल.

या पालकांचा रात्रीचा प्रश्न एकच असतो : आमच्यामागे याचे कोण? मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते. पण स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली पालकत्व मिळू शकते. त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते आणि जिल्हाधिकारी तिचे काम पाहतात. न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असून उपचारपद्धतींचा खर्चही तीत येतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढले नसेल, तर यांतील बहुतेक दारे उघडत नाहीत. म्हणून यात्रेच्या दिवशी फलक कमी करा, पण अर्ज भरून देणारे चार शिक्षक मेजावर बसवा.

पंचायत सदस्यांना एक आठवण द्यावयाची आहे. ग्रामपंचायतींनी व नगरपरिषदांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करावा, असे शासनाचे आदेश आहेत. लोकांकडून वर्गणी मागण्यापूर्वी आपल्या गावी या पाच टक्क्यांचे काय झाले, ते पाहून घ्यावे. वर्षअखेरीस घाईने एखादी वस्तू वाटून तो संपविला जात असेल, तर पदयात्रेने गोळा होणारी रक्कम त्यापुढे किरकोळच ठरेल.

पदयात्रेच्या स्वरूपाविषयी माझा आग्रह आहे. २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जाणीव दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ साली तो ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे एप्रिल म्हणजे काय, ते मी सावदेकरांना काय सांगावे! सकाळी सहाला निघून साडेसातपर्यंत सावलीत पोहोचावे. मार्ग गावातला असावा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावरून केळीचे ट्रक धावतात. त्याच्या कडेने मुलांना नेण्याचे धाडस करू नये. ढोल, लेझीम, ध्वनिक्षेपक, फटाके यांतील काहीही नको. ज्यांच्यासाठी यात्रा, त्यांनाच कान झाकून पळावे लागले तर ती कोणाची यात्रा म्हणायची? मुलांना पुढे उभे करून पाहुण्यांबरोबर छायाचित्रे काढू नयेत. जे कुटुंब येईल त्याने हवे तेवढे चालावे, हवे तेव्हा थांबावे. जे येणार नाही त्याला कोणी कारण विचारू नये. वाटेत एका शाळेची एक शांत खोली उघडी ठेवावी. आणि ज्या स्वमग्न तरुणांना बोलता वा लिहिता येते, त्यांचे दोन शब्द आधी ऐकावेत, आमच्यासारख्यांची भाषणे मागाहून.

आता पैशाचे. सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळांना ही रीत ठाऊक आहे. प्रत्येक देणगीची पावती फाडावी, मग ती दहा रुपयांची का असेना. जमलेल्या रकमेतून इमारतीचा पाया घालण्याचा मोह टाळावा. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने घरातच सुरू केली. दिल्लीत १९९१ साली मेरी बारुआ यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम'चा आरंभ केला, त्याही एका स्वमग्न मुलाच्या आईच. दोन्हीकडे काम आधी आले. आपणही पालकांच्या प्रवासखर्चापासून प्रारंभ करावा. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असा एक शिक्षणक्रम तयार केला आहे. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित अशा स्थानिक कार्यकर्त्याला तो चालविता येतो. या परिसरातील दोन तरुण शिक्षक-शिक्षिकांना अशा प्रशिक्षणासाठी पाठविण्याचा खर्च यात्रेच्या निधीतून व्हावा, ही माझी पहिली सूचना. दुसरी, महिन्यातून एक दिवस तज्ज्ञांनी येथे येऊन मुले पाहावीत, म्हणजे दहा कुटुंबांच्या दहा खेपांऐवजी एकाच माणसाची एक खेप होईल.

समितीत निम्म्याहून अधिक जागा पालकांना द्याव्यात आणि कोणाला किती मदत मिळाली हे समितीबाहेर नावानिशी सांगू नये. जमाखर्च मात्र पूर्ण उघडा असावा. १ मे रोजी आसपासच्या गावांत ग्रामसभा भरतील. त्या सभांत तो वाचून दाखवावा आणि सावद्यात नगरपालिकेच्या फलकावर लावावा. प्रवासाला किती, प्रशिक्षणाला किती, चहापाण्याला किती आणि शिल्लक किती, हे सर्व त्यात यावे.