बाजारभाव मागवणारी वेब सर्व्हिस

बाजार समित्यांमधले शेतमालाचे रोजचे भाव ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरून कोणत्याही अ‍ॅपला मागवता येतात. हीच वेब सर्व्हिस: एका प्रोग्रॅमने विचारायचं, दुसऱ्याने ठरलेल्या साच्यात, बहुधा ‘जेसन’मध्ये, उत्तर द्यायचं.

अ‍ॅप लिहिण्याआधी ही देवाणघेवाण तपासायला ‘पोस्टमन’ हे साधन फार कामाचं. अभिनव अस्थाना यांनी ते २०१२ साली क्रोम ब्राउझरची जोड म्हणून आणलं. सेवेचा पत्ता टाकायचा, नोंदणी करून मिळालेली ‘की’, म्हणजे ओळखीची किल्ली, जोडायची आणि विनंती पाठवायची. उत्तरात २०० हा आकडा आला की जमलं. ४०१ आला तर ओळख पटलेली नाही. सेवेची माहिती नीट मांडायला ‘स्वॅगर’ हे साधन आहे. नागपुरातल्या विद्यार्थ्यांनो, सुरुवात कळमना बाजाराच्या भावापासूनच करा; उत्तर बरोबर आलं का, हे घरच्यांनाही सांगता येईल.