फौजेतलं दुसरं काम

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं भाषण)

बायांनो, आपल्या सातारा-सांगलीत वाडीगणिक एखादा फौजी निघतोच. अपशिंग्याच्या नावाला तर ‘मिलिटरी’च जोडलंय. पण फौज म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती बंदूक. त्या बंदुकीला काडतूस कोण पोचवतं, जेवण कोण रांधतं, जखमीला कोण बघतं, हे कुणी विचारत नाही.

पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वातीताईंनी वयाची सूट मिळवली, निवडीच्या परीक्षा दिल्या, चेन्नईत प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. खातं कोणतं? ऑर्डनन्स कोअर. दारूगोळा, कपडे, सुटे भाग, म्हणजे फौजेचं कोठारच. आपल्या गटाचं एक गोदाम सांभाळताना किती वह्या भरतो आपण! याला हलकं काम कोण म्हणेल?

मुलींसाठी मिलिटरी पोलीस आहे. महिला जवानांची 83 जणींची पहिली तुकडी मे 2021 मध्ये बंगळुरूत तयार झाली. नर्सिंगला पुण्याचं एएफएमसी आहे, चार वर्षांचं, पण त्याला बारावी सायन्स आणि नीट लागते.

अग्निवीरमध्ये क्लार्क असतो, स्टोअरकीपर असतो, ट्रेड्समन असतो : आचारी, शिंपी, धोबी. ट्रेड्समनला दहावी पुरते, काही कामांना आठवीही चालते. पगार सगळ्यांना सारखाच. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवा निधीत, हातात 21,000. चार वर्षांनी सरकारचा वाटा नि व्याज धरून सुमारे 11 लाख 71 हजार. पण कायम होणार शंभरात फार तर पंचवीस. म्हणून पोराच्या पगारावर वीस वर्षांचं घरकर्ज काढू नका.

आणि लढाई नाही म्हणजे धोका नाही, असंही नव्हे. आचारीसुद्धा आधी सैनिक. सियाचीनला जेवण सियाचीनलाच शिजवावं लागतं.

आता गटाचं बोलते. भरतीसाठी कर्ज मागतात. बूट, खुराक, अकादमीची फी, याला जरूर द्या. पण ‘आचाऱ्याची जागा काढून देतो, दोन लाख द्या’ म्हणणाऱ्यासाठी रुपया देऊ नका. आमच्याकडं एका घरानं दावणीची म्हैस विकली; तो माणूस आता फोन उचलत न्हाई. अर्ज ऑनलाइन, परीक्षा ऑनलाइन, मग धावणं, ट्रेडची चाचणी, डॉक्टरी. मधल्या माणसाचं काम कुठाय यात? कर्जाच्या अर्जाला प्रवेशपत्राची झेरॉक्स जोडायचा ठराव पुढच्या सभेत घेऊ. सचिवताई, लिहून घ्या.