शेजारधर्म आणि पोलीस ठाणे



वाशिमच्या श्रीबालाजी मंदिराभोवतालच्या जुन्या गल्ल्यांत घरास घर लागून आहे; तरी शेजारी चोरी झाली तर ती आम्हांस चार दिवसांनी कळते. ज्याच्या घरी ती झाली, तोही ‘ठाण्याची पायरी चढलो तर अब्रू जाईल’ म्हणून मुकाट बसतो. आमच्या मते यात अब्रू राखली जात नाही, चोराची सोय मात्र होते. नोंदच नसेल तर पोलिसांनी गस्त कोणत्या गल्लीत वाढवावी?

१९८४ साली भिवंडी दंगलीत होरपळली. १९८८ मध्ये तेथील पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. हिंदू-मुसलमान शेजारी व ठाण्याचे अंमलदार एकत्र बसू लागले. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. तिला जे साधले ते आम्हांस का साधू नये? मात्र गल्लीची समिती एका ज्ञातीची नसावी; चोर ज्ञाती विचारून घरात शिरत नाही.

कायदाही आपणांस अनुकूल आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वये दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने दोन नेम करावेत: घरातील चोरी झाकणार नाही, आणि शेजाऱ्यास ठाण्यावर एकटे जाऊ देणार नाही.