'क्लीन' म्हणजे नक्की काय?
(मांडवगण फराटा येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'क्लीन' हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. क्लीन कोड म्हणजे दुसऱ्याला वाचून कळेल असा कोड. क्लीन डेटा म्हणजे चुका आणि दुबार नोंदी काढून टाकलेली माहिती. पण चूक कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? एकदा एका यादीसाठी मीच नियम लिहिला: आडनावाचा रकाना रिकामा असेल तर नोंद गाळायची. गाळलेल्या नोंदी उघडून पाहिल्या, तर त्यात कितीतरी बायका होत्या. नावामागे नुसतं 'बी' लावणाऱ्या, माझ्या आजीसारख्या. त्यांची माहिती बरोबर होती. चूक माझ्या रकान्यात होती.

दुसरा शब्द 'क्लीन चिट'. यातली 'चिट' आपल्याच चिठ्ठीवरून इंग्रजीत गेली. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला बॉम्बस्फोट झाले. नऊ मुस्लिमांना अटक झाली. २५ एप्रिल २०१६ ला मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर एकजण वारला होता. अशा निकालाला 'क्लीन चिट' म्हटलं, की कुणीतरी मेहरबानीने चिठ्ठी दिल्यासारखं वाटतं. कायद्याचे शब्द नेमके आहेत. खटला उभा राहण्याआधी सुटका झाली तर आरोपमुक्त, खटला चालून झाली तर निर्दोष. तेच वापरा.

तिसरं, घर भाड्याने बघताना ऐकू येणारं 'आमची सोसायटी एकदम क्लीन आहे'. तेव्हा शांतपणे विचारा, "कशापासून?" उत्तर कचऱ्याबद्दल असेल तर उत्तम. माणसांबद्दल असेल, तर तो शब्द स्वच्छतेचा राहिला नाही.

आपल्या घरात दोन शब्द आहेत, साफ आणि पाक. 'साफ' अरबीतून आला आणि मराठीत असा मुरला की परका वाटतच नाही. साफ डोळ्यांना दिसतं. पाकचं तसं नाही. इस्त्रीचा पांढरा सदराही नापाक असू शकतो. आणि पाणी नसेल तेव्हा तयम्मुमला हीच माती चालते. उसाच्या रानातून आलेल्या माणसाचे हात मातीने माखलेले असतात, म्हणून तो नापाक होत नाही.

म्हणून 'क्लीन' ऐकलं की दोन गोष्टी विचारा: कुणी ठरवलं, आणि काय गाळलं? मी आता माझ्या कामातही गाळलेल्या नोंदी आधी उघडून बघतो.