भात सोडला म्हणून इन्सुलिन सुटत नाही

आजचा विषय थेट माझ्या ताटातला आहे. मला टाइप वन डायबेटीस आहे, गेली अकरा वर्षं. लग्नकार्यात कुणाला हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "गोड सोडलंस ना रे?" आणि मागोमाग सल्ला, "भात पण सोड, मग इन्सुलिन लागणारच नाही." हा सल्ला प्रेमानेच दिलेला असतो. पण तो ऐकून कुणी खरंच इन्सुलिन बंद केलं, तर जीव जाऊ शकतो.

का, ते सांगतो. टाइप टूमध्ये शरीर इन्सुलिन बनवतं, पण ते नीट लागू पडत नाही किंवा पुरत नाही. तिथे आहाराने बरंच साधतं. टाइप वनमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. म्हणजे कारखानाच बंद! नुसत्या पथ्यावर भागवायचा प्रयत्न जगाने करून झालाय. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं गेलं, तो पहिला पेशंट. त्याआधी डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे. त्याने आयुष्य थोडं लांबायचं, पण मुलं वाचायची नाहीत.

मग आहाराला महत्त्व नाही का? आहे की, भरपूर आहे. फक्त प्रश्न वेगळा आहे. ताटात कार्ब्स किती आणि ते रक्तात किती वेगाने उतरणार?

आधी 'किती' बघू. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 70 ग्रॅम कार्ब्स असतात. म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 35. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 28 च्या आसपास. समजा डॉक्टरांनी 10 ग्रॅमला 1 युनिट असं प्रमाण ठरवून दिलंय, तर त्या भाकरीला साडेतीन युनिट. हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे माझं गणित तुम्ही उचलू नका. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवा, अंदाज आपोआप सुधारतो.

आता 'वेग'. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचल्यावर काम सुरू करायला 10-15 मिनिटं घेतं. मऊ भात त्याच्या आधीच धावत सुटतो. भाकरीबरोबर उसळ, भाजी असेल तर साखर सावकाश चढते. पुरणपोळीवर तुपाची धार असेल तर साखर उशिरा आणि बराच वेळ चढत राहते, म्हणून दोन तासांनी आकडा छान दिसला तरी पुन्हा एकदा तपासायचं.

उपवासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. 50 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 44 ग्रॅमच्या आसपास कार्ब्स! आणि निर्जळी उपवास असला तरी यकृत साखर सोडतच असतं. त्यामुळे दिवसभराचं बेसल इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. ते बंद झालं की रक्तात कीटोन्स साठतात, उलट्या सुरू होतात आणि काही तासांत माणूस आयसीयूत पोचतो. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता माझ्यासारख्यांच्या रूममेट्ससाठी आणि ऑफिसातल्या मित्रांसाठी. आम्हाला घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर साखर 70 च्या खाली गेलेली असू शकते. अशा वेळी "तुला साखर चालत नाही ना?" असं विचारत बसू नका. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायला लावा. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच 108 ला फोन करा.

तेव्हा पुढच्या पंगतीत आमच्या पानात भात दिसला तर निश्चिंत असा, आम्ही मोजूनच बसलोय. हा एपिसोड त्या सल्ला देणाऱ्या काका-मावशींना जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!