फुलाची घडण आणि बंबलबी

केसाळ, गुबगुबीत बंबलबी कोणत्या फुलावर उतरेल, हे फुलाचा रंग, गंध आणि घडण यांवर ठरते. निळी-जांभळी फुले तिला लांबून खुणावतात. स्नॅपड्रॅगनच्या मिटलेल्या पाकळ्या तिच्या वजनाने उघडतात. हलक्या कीटकांना तिथे शिरकाव नसतो. रेड क्लोव्हर या चारापिकाच्या अरुंद फुलांत मकरंद खोल असतो, तिथे लांब जीभच पोचते. न्यूझीलंडमध्ये अशा माश्या नसल्याने या पिकाला बी फारसे धरत नसे. १८८५ मध्ये इंग्लंडहून बंबलबी आणल्यावर ते धरू लागले. टोमॅटोच्या फुलात मकरंद नसतो आणि पराग नळीसारख्या परागकोशांत अडकलेले असतात. बंबलबी फूल घट्ट धरून उड्डाणाचे स्नायू थरथरवते, तेव्हा ते झडतात. मधमाशीला हे जमत नाही. म्हणून अनेक देशांत हरितगृहांतील टोमॅटोसाठी बंबलबी पाळतात.